डॉक्टर रिव्हर्स : भ्यालेल्या मनांचा वैद्य

आपल्या स्मरणिकेत एक तरी चरित्र असावे असा मंडळाचा रिवाज आहे. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण नेहमीच वाचतो. म्हणून यंदा ते काम माझ्याकडे आले तेव्हा मी जरा आडवाटेचे नाव सुचविले. हा कोण साहेब, आणि पालमच्या बायकांना त्याचे काय, असे एक-दोघींनी विचारलेही. तर भगिनींनो, आपल्या इरावतीबाई कर्वे यांचे गुरू डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे मालवणचे. आणि घुर्यांचे केंब्रिजमधील गुरू डॉ. विल्यम रिव्हर्स. तेव्हा विद्येच्या नात्याने ते इरावतीबाईंचे परमगुरू लागतात.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. पुढे नापिकी आली, कर्जे आली, आणि घरातला कर्ता पुरुष शेतात जीव देतो ही बातमी मराठवाड्याला नवी राहिली नाही. अशा घरी आपण भेटीला जातो. चहा नको म्हणतो, सतरंजीच्या कडेला बसतो, आणि निघताना त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून सांगतो की विसर आता, लेकरांकडे बघ. हे आपण मायेनेच सांगतो. पण हा सल्ला कितपत खरा, याचा छडा ज्यांनी प्रथम कसोशीने लावला त्यांत रिव्हर्स यांची गणना होते.

त्यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी इंग्लंडात केंट परगण्यात चॅटमजवळ झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि तोतरेपणावर उपचारही करीत. ही विद्या त्यांच्याकडे पत्नीच्या भावाकडून आली होती. गंमत अशी की ज्या घरी तोतरी माणसे बरी होण्यासाठी येत, त्याच घरचा हा मुलगा तोतरा राहिला. मोठेपणी सभेत उभे राहिले की त्यांची जीभ अडखळे. बोलता न येणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. शाळेच्या अखेरच्या वर्षी विषमज्वराने गाठले, शिष्यवृत्तीची परीक्षा हुकली आणि केंब्रिजला जाण्याचा बेत फसला. मग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचा अभ्यास करून १८८६ साली, बाविसाव्या वर्षी, ते डॉक्टर झाले. केंब्रिजने त्यांना १८९३ साली बोलाविले ते शिकवावयास.

१८९८ साली ते हॅडन यांच्या तुकडीबरोबर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरस सामुद्रधुनीतील बेटांवर गेले. तेथे त्यांनी माणसांना आईबाप कोण, मामा कोण, कोणाची कोणाला दिली, असे विचारून वंशावळी लिहून घेतल्या, आणि त्यांतून साऱ्या समाजाची घडण उलगडता येते हे दाखविले. विद्वानांनी या पद्धतीची मोठी वाहवा केली. आपल्याकडे नवी सून उंबऱ्याच्या आत आली की शेजारणी पहिल्या घटकेत हेच करतात. फक्त लिहून ठेवीत नाहीत! पुढे १९०१-०२ मध्ये ते आपल्या देशात निलगिरीवर तोडा लोकांत राहिले. त्या लोकांचे दूधघर हेच देऊळ, म्हशी हेच दैवत. त्यांच्यावरचा रिव्हर्स यांचा ग्रंथ १९०६ साली निघाला.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते पन्नाशीला पोचले होते. खंदकात दिवसरात्र तोफगोळे झेलणारी धडधाकट माणसे एकाएकी मुकी होऊ लागली, कोणाचे पाय लुळे पडले, कोणी झोपेत किंचाळू लागले. अंगावर तर जखम नाही. मग हा भ्याडपणा, असे सैन्यातील पुष्कळ अधिकाऱ्यांनी ठरविले. काही डॉक्टर विजेचे झटके देऊन मुक्यांना बोलते करीत. पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने ३०६ शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांत अशी मनाने मोडलेली किती तरी पोरे होती. त्यांना सरकारने माफी दिली ती २००६ साली, त्यांच्या आयांच्या मागे कितीतरी वर्षांनी. या विकाराला आघातोत्तर ताणाचा विकार हे रीतसर नाव अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये दिले. त्या वेळी त्याला तोफगोळ्याचा धक्का म्हणत.

रिव्हर्स १९१५ साली लिव्हरपूलजवळच्या मघल येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाले, आणि १९१६ च्या ऑक्टोबरात एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे गेले. तेथे फक्त अधिकारी ठेवीत. आलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांनी, नातलगांनी, मित्रांनी एकच सांगितलेले असे की ते सारे मनातून काढून टाका, फुलांकडे बघा, गाणी ऐका. बिचारे दिवसभर तसे करीत, आणि जे दिवसा दाराबाहेर ठेवले ते रात्री स्वप्नात आत येई. रिव्हर्स यांनी हे ओळखले. रोग्यासमोर बसून, घाई न करता, ते त्याला घडले ते बोलू देत. मात्र उठता-बसता तेच उगाळीत राहा असेही त्यांचे म्हणणे नव्हते. टाळू नये आणि त्यातच बुडूनही जाऊ नये, अशी त्यांची वाट होती.

एका अधिकाऱ्याला त्याच्या मित्राच्या देहाचे तुकडे सापडले होते. रोज रात्री तो मित्र त्याच रूपात स्वप्नात येई. रिव्हर्स यांनी त्याला इतकेच दाखवून दिले की देहाची अशी दशा झाली याचा अर्थ मरण क्षणात आले, मित्राला वेदना झाल्या नाहीत. त्या बाजूने त्याने कधी पाहिलेच नव्हते. मग तो त्या आठवणीकडे तोंड फिरवीनासा झाला, आणि पुढे मित्र स्वप्नात आला तो बोलण्यासाठी; भीती नव्हती, दुःख तेवढे होते.

दुसऱ्याची हकीगत इतकी किळसवाणी आहे की येथे लिहवत नाही. त्या आठवणीला धरावयास एकही मऊ कड नव्हती. रिव्हर्स यांना ती सापडली नाही. त्या माणसाला सैन्य सोडून खेड्यात राहावयास जावे लागले. आपला उपाय जेथे चालला नाही ते प्रकरणही त्यांनी ४ डिसेंबर १९१७ च्या व्याख्यानात सर्व डॉक्टरांसमोर मांडले, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो.

त्यांच्या आणखी एका निरीक्षणाने मला बरेच दिवस सोडले नाही. १९१७ च्या अखेरीस ते लंडनमध्ये वैमानिकांच्या रुग्णालयात आले. विमान चालविणाऱ्याचा धोका काही लहान नव्हता. पण दोराने बांधलेल्या फुग्यात बसून शत्रूची टेहळणी करणारे जे असत, त्यांची मने अधिक मोडत. वैमानिकाच्या हातात काहीतरी असते; तो वळतो, चढतो, लढतो. फुग्यातला नुसता टांगलेला. संकटापेक्षा संकटात हात बांधलेले असणे माणसाला जास्त खाते, असा याचा अर्थ. सावकाराचे किती, बँकेचे किती, हे ज्या बाईला नवरा असेपर्यंत कोणी सांगितले नाही, ती आपल्या गावची फुग्यात बसलेलीच नव्हे का? आणि माघारी सारा हिशेब तिच्याच पदरात पडतो.

रिव्हर्स यांच्यापुढेही एक पेच होता, आणि तो त्यांनी झाकला नाही. माणूस बरा करावयाचा तो कशासाठी, तर पुन्हा त्याच खंदकात धाडण्यासाठी! जुलै १९१७ मध्ये सिगफ्रीड ससून हा शूर अधिकारी व कवी तेथे आला. हे युद्ध उगाच लांबविले जात आहे असे त्याने उघड लिहून दिले होते. शिक्षा टळावी म्हणून त्याला रोगी ठरविण्यात आले. रिव्हर्स यांना तो रोगी वाटेना. दोघांचे तासन् तास बोलणे होई. अखेर आपल्या शिपायांना सोडून आपण सुरक्षित राहावे हे ससूनलाच सोसेना आणि तो परत रणांगणावर गेला. पुढे डोक्याला गोळी लागूनही वाचला. त्या बोलण्यांनी डॉक्टरांचे मनही हलले. अंगावर गणवेश असताना आपल्याच मनात युद्धाविषयी शंका उठते, हे त्यांनी स्वतःच्या एका स्वप्नाची फोड करून लिहून ठेवले आहे.

युद्धानंतर ते केंब्रिजला परतले ते निराळेच होऊन. पूर्वीचा एकलकोंडा, भिडस्त माणूस आता विद्यार्थ्यांना घरी बोलवी, खाऊ घाली, रात्र रात्र बोलत बसे. त्याच थोड्या वर्षांत घुर्ये त्यांच्याकडे शिकावयास गेले. मजूर पक्षातर्फे लोकसभेची निवडणूक लढविण्याचेही रिव्हर्स यांनी कबूल केले होते. पण आतड्याच्या विकाराने ४ जून १९२२ रोजी ते अकस्मात वारले. अठ्ठावन्नाव्या वर्षी. स्वप्नांवरचा त्यांचा ग्रंथ मागे राहिलेल्या मित्रांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. घुर्यांनी आपला प्रबंध हॅडन यांच्या हाताखाली पुरा केला, ते मुंबईस परतले आणि १९२४ मध्ये विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. तेथेच काही वर्षांनी इरावतीबाई त्यांच्या वर्गात येऊन बसल्या.