हाफकिन यांची पत

व्यापारांत भांडवलापेक्षां पत मोठी, हें पेठेंतील वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. परंतु वैद्यकशास्त्रही पतीवरच चालतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. लस कितीही गुणकारी असो, ती टोंचून घेण्यास कोणी दंड पुढें केला नाहीं, तर ती बाटलींतच राहावयाची. ही पत कशी मिळवावी आणि अविचारानें ती कशी बुडते, या दोहोंचा धडा वॉल्डेमार हाफकिन यांच्या चरित्रांत आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं काळ्या समुद्राकांठच्या ओडेसा शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. तेथील विश्वविद्यालयांत मेचनिकॉफ यांच्या हाताखालीं त्यांनीं प्राणिशास्त्राचें अध्ययन केलें. रशियन साम्राज्यांत ज्यू मनुष्यास धर्मांतरावांचून अध्यापकाची जागा मिळणें दुरापास्त होतें. हाफकिन यांनीं धर्म सोडला नाहीं, देश सोडला. १८८९ सालीं ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत आले, ते ग्रंथालयांतील साहाय्यक म्हणून. पॅरामीशियम नामक एकपेशी जीवाच्या अंगांत वाढणाऱ्या परोपजीवी जंतूंचें वर्णन त्यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केलें, आणि तेथून ते पटकीच्या जंतूंकडे वळले. १८ जुलै १८९२ रोजीं पटकीची लस त्यांनीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले, व पुढील सुमारें अडीच वर्षांत ४० हजारांहून अधिक लोकांस ती टोंचण्यांत आली.

१८९६ सालीं मुंबईंत मांडवी भागांत गांठीचा प्लेग उद्भवला. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत हाफकिन यांनीं अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध केली. रसावर तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांखालीं ते प्लेगचे जंतु वाढवीत, नंतर उष्णतेनें मारीत, व मेलेले जंतु टोंचून शरीरास प्रतिकार शिकवीत. १० जानेवारी १८९७ रोजीं १० घन सेंटिमीटर लस त्यांनीं स्वतःच्या अंगांत घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांत, जे कैदी राजी झाले त्यांसच ती टोंचली. टोंचलेल्या व न टोंचलेल्या कैद्यांची तुलना करतां, पहिल्यांत रोग पुष्कळच कमी आढळला. आधीं स्वतःचा देह तारण ठेवावा आणि मग दुसऱ्याकडे विश्वास मागावा, ही त्यांची रीत. त्याच वर्षीं पुण्यास प्लेगच्या बंदोबस्ताकरितां घरोघर सोजीर शिरले. त्यांतून लोकांत किती क्षोभ माजला व त्याचा शेवट कसा झाला, हें महाराष्ट्र जाणतो. सक्तीनें घराचें दार उघडतें, मन उघडत नाहीं.

१८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसांत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली असतां त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. हे एकोणीसही एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. बाकीचे ८८ सुखरूप राहिले. सरकारी चौकशींत दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यांत आला व हाफकिन यांस कामावरून दूर व्हावें लागलें. वस्तुतः ती बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करतां तसाच वापरण्यांत आला होता. धनुर्वाताचे जंतु बाटलींत आधींपासून असते, तर उघडतांच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. एका चिमट्याचा हिशेब एका शास्त्रज्ञाच्या नांवें मांडला गेला! अखेर १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांतून त्यांची बाजू मांडली आणि ते निर्दोष ठरले. ते परत आले ते कलकत्त्यास. परळचें आसन त्यांस पुनः लाभलें नाहीं. १९२५ सालीं मात्र परळच्या त्या संस्थेस हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें, व तें आजही कायम आहे. १९३० सालीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें त्यांचा अंत झाला.

मुलकोवालचें दुःख खरें होतें, आणि त्याची चौकशी होणेंही अवश्य होतें. परंतु मेलेल्या एकोणीस जणांस न्याय मिळावयाचा, तो खरें कारण शोधून. हातीं लागेल त्यास दोषी ठरवून नव्हे. खोट्या निकालानें हाफकिन यांचेंच नुकसान झालें असें नाहीं. जी लस लोकांनीं घ्यावयाची तिच्याविषयींच मनांत किल्मिष राहिलें, आणि प्लेग तर त्या वर्षांत लाखोंनीं बळी घेत होता. आजही एखाद्या लसीविषयीं अफवा उठते, तेव्हां अधिकाऱ्यांनीं दडपून टाकूं नये, आणि आपणही ऐकीव गोष्टीवर निकाल देऊं नये. वही तपासल्यावांचून कोणाचें दिवाळें जाहीर करणारा व्यापारी शहाणा ठरत नाहीं. जो न्याय पेठेंत, तोच प्रयोगशाळेंत असावा, इतकेंच आमचें मागणें आहे.