सागरचे दाते : डॉ. हरिसिंग गौर

पांढुर्णा-सौसरच्या आम्हा लोकांना नागपूर जवळचे, सागर दूरचे. या दोन्ही शहरांशी ज्यांचा संबंध आला, ते डॉ. हरिसिंग गौर २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागर येथे जन्मले. घरची गरिबी होती. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकून पुढे ते केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले आणि नागपुरात वकिलीत त्यांनी पुष्कळ धन मिळविले. १९२२ साली ते दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तरी जन्मगाव ते विसरले नाहीत. १८ जुलै १९४६ रोजी पदरचे २० लाख रुपये घालून त्यांनी सागर विद्यापीठ स्थापिले. २५ डिसेंबर १९४९ रोजी, नाताळच्याच दिवशी, ते निवर्तले. आज तेथील शिक्षणशास्त्र विभागात शाळांचे शिक्षक तयार होतात.

गौर ख्रिस्ती नव्हते. परंतु ज्या मिशन कॉलेजात ते शिकले, ते स्कॉटलंडातील मंडळ्यांच्या वर्गणीवर उभे राहिले होते. देणाऱ्यांनी त्यांचे तोंडही पाहिले नव्हते. विधवेच्या दोन टोल्या कोठवर पोहोचतात, हे तिला कोठे ठाऊक असते?

मंदिराच्या रंगासाठी आम्ही हौसेने देतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकाच्या शिक्षणासाठी या वर्षी आम्ही काय दिले?