हवेवर चाक चालविणारे पशुवैद्य : जॉन बॉइड डनलॉप

वाहनाचा भार टायरच्या रबरापेक्षा त्यात कोंडलेली हवाच अधिक पेलते. हे तत्त्व व्यवहारात आणण्याचे श्रेय जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याला दिले जाते.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्ट येथे त्यांनी व्यवसायात चांगला जम बसविला.

त्यांचा लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवीत असे. भरीव रबराची चाके दगडी रस्त्यावर आदळत आणि त्याला हादरे बसत. १८८७ मध्ये डनलॉप यांनी पातळ रबराची नळी तयार करून ती लाकडी चकतीवर कापडाने घट्ट बसविली आणि फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. हे चाक व सायकलचे जुने चाक त्यांनी अंगणात घरंगळत सोडले. हवेचे चाक कितीतरी दूर गेले. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. मे १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने असे टायर वापरून बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या, आणि टीकाकारांची तोंडे बंद झाली.

उद्योजक हार्वे द्यू क्रो यांच्या पुढाकाराने कंपनी स्थापन झाली. परंतु स्कॉटलंडचेच रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच अशा चाकाचे पेटंट घेतल्याचे उघड झाले आणि डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले. कंपनी तरली ती चाकाची धाव व व्हॉल्व्ह यांची पेटंटे मिळविल्यामुळे. हवा भरणे व ती टिकविणे सोपे झाले, तेव्हाच हा शोध सर्वसामान्यांचा झाला. डनलॉप मात्र काही वर्षांतच कंपनीतून बाहेर पडले. त्यांना मोठी संपत्ती लाभली नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मात्र जगभर पसरले. भारतातही पश्चिम बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये डनलॉप टायरचे उत्पादन सुरू झाले.

डनलॉप यांच्या चाकाचा लाभ हवेचा दाब योग्य असेल तरच मिळतो. दाब कमी असल्यास टायरच्या बाजू अधिक वाकतात, रबर तापते, इंधन जास्त लागते आणि भरधाव वेगात टायर फुटण्याचा धोका वाढतो. दाब जास्त असल्यास टायर मध्यभागी लवकर झिजतो व रस्त्यावरील पकड घटते. म्हणून वाहन उत्पादकाने ठरवून दिलेला दाब महिन्यातून किमान एकदा, टायर थंड असताना तपासावा. स्टेपनीही त्यातून वगळू नये.