हत्यारांचा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत एक जपानी करवत आहे. आजोबांचे धाकटे भाऊ बोटीवर खलाशी होते, त्यांनी ती कोबे बंदरातून आणली. वडील सुतारकाम करतात. वाकस, रंधा, पटाश्या, किंकरे, गिरमिट अशी त्यांची हत्यारे रोज कामात असतात. पण ही करवत ते तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळून ठेवतात. लहानपणी मी ती चोरून काढली आणि फणसाच्या फळीवर आपल्या नेहमीच्या करवतीसारखी पुढे रेटली. पाते वाकले आणि दोन दात गेले. जपानी करवत पुढे ढकलताना नव्हे, तर आपल्याकडे ओढताना कापते, ओढीने पाते ताठ राहते आणि म्हणूनच ते इतके पातळ ठेवता येते, हे मला फार पुढे कळले. तिकडचा रंधाही ओढूनच मारतात आणि त्याच्या पात्यात मऊ लोखंडाला कठीण पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. वडील त्या दिवशी रागावले नाहीत. दोन दिवस बोलले मात्र नाहीत.

हे सांगायचे कारण असे. कॉलेजच्या प्रवेशअर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले. आमची शेती म्हणजे घरामागचे पाच गुंठे भात! सुतार असे लिहायला हात धजला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी ग्रंथालयात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र हाती आले आणि त्या रकान्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत. ब्राह्मणाच्या मुलाने शिकावे, नोकरी धरावी, ही घरची अपेक्षा. पण या मुलाचे मन पुस्तकात रमेना. चित्रे काढावीत, यंत्रे उघडून पाहावीत, हा नाद. 1885 मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पैशांची सोय थोरले बंधू रामुअण्णांनी केली. दोन वर्षे गेली आणि लक्षात आले, की त्यांना काही रंगांतला फरक कळत नाही. चित्रकाराला याहून मोठा घाव कोणता? परंतु रेषा तर हातात होती. त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि यांत्रिक रेखनाचा अभ्यास सुरू केला. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. रिकामा वेळ ते तिथल्या कार्यशाळेत घालवीत. कोणते यंत्र कसे चालते, कुठे अडते, हे ते हात काळे करून शिकले. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

याच काळात एक छोटा उद्योगही सुरू झाला होता. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाची सुरुवात 1888 ची मानतात, ती या सायकलीच्या दुकानापासून. मग संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी अर्जविनंत्या केल्या नाहीत. नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

बेळगावच्या लहानशा कारखान्यात प्रथम कडबा कापण्याची यंत्रे तयार झाली. नंतर लोखंडी नांगर. विलायती नांगर त्या वेळी इकडे येत असत. तसाच, पण आपल्या जमिनीला आणि आपल्या बैलांना झेपेल असा नांगर इथेच का होऊ नये, हा त्यांचा विचार. 1903 च्या सुमारास नांगर तयार झाले आणि कारखान्यातच पडून राहिले. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिली विक्री व्हायला दोन वर्षे लागली.

चरित्रकार या समजुतीकडे अडाणीपणा म्हणून पाहतात. मला मात्र इथे थोडे थांबावेसे वाटते. लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असतो. तो फाळ शेकडो वर्षे त्याच मातीत फिरला, तेव्हा विष कुठे गेले होते? मला वाटते, खरे भय दुसरे असावे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुपारपर्यंत नीट करून देई आणि सुगीला त्याचे बलुते घेई. लोखंडी नांगर मोडला तर काय? सुटा भाग बेळगावहून यायचा, तोही रोकड मोजून. शेतकऱ्याने विषाचे नाव घेतले, पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. लक्ष्मणरावांना हे उमजले असावे. ते चिडले नाहीत, धीर धरून बसले. नांगराने जमीन खोल उलटते, हे काम शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेव्हाच तो वळला.

माझ्या घराण्याच्या बाजूने पाहिले तर या गोष्टीला आणखी एक अंग आहे. देशावर लोखंडी नांगर जसजसा पसरला, तसतसे सुताराचे एक हक्काचे काम गेले. माझे आजोबा नांगर घडवीत. शिवणीचे की सागाचे लाकूड, वाक कुठे धरायचा, हे त्यांना मोजपट्टीवाचून कळे. आमच्याकडे तो लाकडी नांगर बराच टिकला, नंतर पॉवर टिलर आला. त्यामुळे लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना मी एका डोळ्याने कौतुक केले आणि दुसऱ्या डोळ्याने आजोबांकडे पाहिले. शिवाय हेही खरे, की वरच्या जातीच्या माणसाने हातोडा उचलला म्हणजे त्याचे चरित्र लिहिले जाते. ज्याच्या हाती तो जन्मापासूनच असतो त्याचे लिहिले जात नाही. हा दोष लक्ष्मणरावांचा नव्हे.

बेळगावात जम बसत असतानाच गाव वाढू लागले आणि नगरपालिकेने कारखान्याची जागा मोकळी करायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन दिली, कर्जही दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि नाग. 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह आले. निवडुंग तोडला, घरे उभी केली, भट्टी पेटवली. आज ही वाडी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडी असेच आहे.

वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसे नेमली. चोराला राखण सोपवणारा कारखानदार तेव्हा वेडाच ठरला असेल!

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. भट्टीसाठी लाकडाचा कोळसा वापरावा लागला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, अशी आठवण सांगितली जाते. पुढे उसाचे चरक, हातपंप, लोखंडी फर्निचर असा माल वाडीतून निघू लागला. 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाली, तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. शंकरराव किर्लोस्करांनी ते चालवले. आपण वाङ्मयाचे विद्यार्थी या घराण्याला मासिकामुळे ओळखतो; मराठी कथेला जागा देणारे ते पान मुळात एका नांगराच्या कारखान्यातून निघाले, हे विसरतो.

चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअर होऊन आले आणि त्यांनी उद्योग कितीतरी पटींनी वाढवला. तो भाग मोठा आहे, पण तो त्यांच्या चरित्रात शोभेल. मला आवडतात ते बेळगावचे लक्ष्मणराव, ज्यांचे नांगर अजून कोणी घेत नव्हते.

26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. 1969 मध्ये जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे टपाल तिकीट निघाले.

या मे महिन्यात मी वडिलांना हे सगळे सांगितले. त्यांनी नांगराविषयी एकच विचारले, फाळाला पाणी कसे देत होते. मला सांगता आले नाही. मग त्यांनी माळ्यावरची पेटी खाली घेतली, कानस काढली आणि त्या जपानी करवतीच्या उरलेल्या दातांना धार लावता येते का ते पाहू लागले. फळी धरायला मला बोलावले. या वेळी मी करवत ओढली.