विश्लेषण : आनंदीबाईंनी अमेरिकेत साडी नेसण्याची पद्धत का बदलली?

अकोला-अमरावतीच्या ४५ अंशांच्या उन्हातून कॅनडा किंवा जर्मनीला शिकायला निघालेली मुलं आज बॅगेत आधी जाकीट आणि थर्मल भरतात. १८८३ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा कपड्यांचा प्रश्न इतका सोपा नव्हता. त्यात एक जाहीर शब्द अडकला होता.

शब्द काय होता?

परदेशी निघालेली हिंदू स्त्री धर्म सोडणार, असंच लोक धरून चालले होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर इथल्या सभेत आनंदीबाईंनी त्याला उत्तर दिलं. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आहार-पोशाख बदलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वय तेव्हा अवघं १७. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली, ४ जूनला न्यूयॉर्क आलं.

मग अडचण कुठे आली?

नऊवारीत. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बाया आजही नेसतात, त्या लुगड्याचा काष्टा मागे खोचला की पोटऱ्या उघड्या राहतात, कंबरही पुरती झाकली जात नाही. शेतात, उन्हात हे सोयीचंच. पण फिलाडेल्फियात हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली जातो. त्यात खोलीतली शेगडी नीट पेटेना. धूर सोसा, नाहीतर थंडी.

आनंदीबाईंनी बराच विचार करून गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. आत परकर, वर पायघोळ साडी. पाय झाकले गेले, दोन कापडांमध्ये हवेचा थर राहून ऊबही मिळाली. गोपाळरावांची नोकरी काही काळ भुजला होती, त्यामुळे ही पद्धत त्यांच्या पाहण्यातली असणार. साडी कायम राहिली, गाऊन आला नाही. शब्द मोडला म्हणायचा, तर फक्त काष्ट्यापुरता! जेवण मात्र शाकाहारीच राहिलं.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही मिळाली, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वयाची २२ वर्षंही पूर्ण नव्हती.

ऑक्टोबर १८८५ मधलं कॉलेजचं एक छायाचित्र आजही मोबाइलवर फिरतं. त्यात जपानच्या केई ओकामी किमोनोत आहेत, सीरियाच्या सबात इस्लामबूली त्यांच्या देशी पोशाखात आणि आनंदीबाई साडीत.