मिरजेच्या हिराबाई

मिरज म्हटले की आमच्या वाचकांस प्रथम आठवते ते डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेले मिशनचे इस्पितळ. परंतु हे गाव तंबोरे व सतारी घडविणाऱ्या कारागिरांचेही आहे, आणि येथेच १९०५ सालच्या मे महिन्यात गायिका हिराबाई बडोदेकर यांचा जन्म झाला. त्या वेळी मिरज हे संस्थान होते. १९४९ साली ते दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, व १९६० साली त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले.

हिराबाईंचे वडील उस्ताद अब्दुल करीम खां हे किराणा घराण्याचे थोर गवई, आणि आई ताराबाई माने या बडोद्याच्या. पुढे आईबापांचा संसार मोडला. पाच मुलांस घेऊन ताराबाई वेगळ्या झाल्या, व मुलांस नवी नावे मिळाली. पूर्वीची चंपाकली ती हिराबाई झाली. बापाचे छत्र सुटलेले घर कसे चालते हे आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ मातांस ठाऊक आहे. थोरले बंधू सुरेशबाबू यांजपाशी आणि उस्ताद अब्दुल वहीद खां यांजपाशी हिराबाईंनी विद्या घेतली, आणि लवकरच घराचा भार त्यांच्या गळ्यावर आला.

त्या काळी स्त्रीने चारचौघांत गाणे म्हणजे अब्रू गमावणे, अशी समजूत होती. भजनास उभ्या राहणाऱ्या आजच्या आमच्या भगिनींस हे खरेही वाटणार नाही! अशा दिवसांत हिराबाई साधे लुगडे नेसून, पदर नीट घेऊन, हातवारे न करता बैठकीस बसत. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. कुटुंबवत्सल गृहस्थ बायकामुलांसह त्या जलशांस येऊ लागले. आमच्या मते त्यांचे सर्वात मोठे कार्य हेच होय, आणि ते त्यांनी वाद घालून केले नाही.

१९३० च्या सुमारास या कुटुंबाने नाटक मंडळी चालविली. स्त्रियांची कामे पुरुष करीत असता या घरच्या बहिणी स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मंडळी मात्र तोट्यात गेली व कर्ज डोक्यावर राहिले. हिराबाईंनी गावोगाव जलसे करून ते फेडले. किती रात्री आगगाडीत आणि परक्यांच्या ओसरीवर गेल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१९३७ साली दक्षिणेत प्रवासात असता खांसाहेब वारले. त्यांची कबर मिरजेत आहे. पुढे हिराबाई धाकट्या बहिणीसह, सरस्वती राणे यांच्यासह, एकाच बैठकीवर गात असत. दोन स्त्रियांनी मिळून असे ख्याल गाणे तेव्हा नवेच होते. १९५३ साली भारतीय कलावंतांबरोबर त्या चीन देशी जाऊन आल्या. १९७० साली सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली.

त्याच १९५३ साली सुरेशबाबू निवर्तले. त्यांच्यापाशी प्रभा अत्रे नावाची एक तरुण मुलगी शिकत होती. भाऊ गेला म्हणून तिचे शिक्षण हिराबाईंनी थांबू दिले नाही. त्यांनी तिला स्वतःच्या घरी शिकविले व आपल्या जलशांत मागे तंबोरा धरून बसविले. हिराबाई १९८९ साली गेल्या. ती मुलगी त्यानंतरही तीस वर्षांहून अधिक काळ गात राहिली.