‘नापास’ खेळाडूचे पास

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. बॉल हातात आला की तो कुणाकडे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. वर धिप्पाड गडी अंगावर धावून येत असतात, ते वेगळंच! आता सांगा, अशा पोराची पारख करायची कशी? जॉनी युनायटसच्या बाबतीत भल्याभल्यांचा अंदाज चुकला.

जॉनी १९३३ मध्ये पिट्सबर्गला जन्मला. तो पाच वर्षांचा असताना वडील गेले. आईने त्यांचा कोळशाचा धंदा सांभाळत पोरं वाढवली. शाळेत जॉनी चमकला, पण होता किडकिडीत. नावाजलेल्या नोटर डेम युनिव्हर्सिटीने त्याला नाकारलं. मग त्याने लुईव्हिल गाठलं. तिथली टीम कमजोर. पास फेकायचा, बचावालाही उभं राहायचं, मार खाऊन पुन्हा उठायचं. जॉनी घडला तो असा.

व्यावसायिक टीम ड्राफ्टमध्ये कॉलेजच्या खेळाडूंना क्रमाने निवडतात. १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला नवव्या फेरीत घेतलं. त्याच्याआधी १०१ नावं पुकारून झाली होती. घरचीच टीम मिळाली खरी, पण सराव सामन्यांत एकदाही न उतरवता त्याला काढून टाकलं. डावपेच याच्या डोक्यात बसणार नाहीत, असं कोचचं मत होतं.

जॉनी बांधकामावर राबू लागला आणि मॅचमागे सहा डॉलरवर स्थानिक टीमकडून खेळत राहिला. १९५६ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने ट्रायल घेऊन त्याला राखीव ठेवलं. मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, तेव्हा कुठे त्याचा नंबर लागला. आणि पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने पकडून थेट टचडाउन केला! तरीही कोल्ट्सने त्याला पुढच्या मॅचला पुन्हा उतरवलं.

डिसेंबर १९५८, न्यूयॉर्कमधली फायनल. शेवटची दोनेक मिनिटं उरलेली, कोल्ट्स तीन गुणांनी मागे. तेव्हा मैदानावर डाव पुकारायचा तो क्वार्टरबॅकच. जॉनीने एकामागून एक पास देत टीम पुढे नेली. सात सेकंद उरले असताना बरोबरी झाली आणि जादा वेळेत कोल्ट्स २३-१७ ने जिंकले. डावपेच जमणार नाहीत म्हणे!

४० हजार यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला क्वार्टरबॅक. सलग ४७ मॅचमध्ये टचडाउन पास देण्याचा त्याचा विक्रम, २००२ मध्ये तो गेल्यानंतरही दहा वर्षं टिकला.

आज ड्राफ्टआधी मुलांची उंची, वेग, अगदी हाताचा पंजासुद्धा मोजतात. पण पहिला पास फसल्यावर पोरगा दुसरा कसा फेकतो, हे टेपने मोजता येत नाही. त्यासाठी त्याला मैदानात उतरवावंच लागतं.